दादांच्या खोलीचं मागचं दार

फक्की मारली त्या दिवशी मिस्त्रींनी पहिला गुन्हा केला. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओलांडून ते माझ्या स्वयंपाकघरातून सरळ दादांच्या खोलीत घुसले, आणि दादा ओरडले, "ओ मिस्त्री, भिंत आहे तिथं!"

मिस्त्री एक पाय उचललेला तसाच थांबले. आजूबाजूला भिंत सोडा, एक वीटसुद्धा नव्हती. चाकणच्या पुढे कंपन्यांची शेडं संपून कांद्या-बटाट्याची रानं सुरू होतात, तिथं आमचा तीन गुंठ्यांचा एनए तुकडा. गवत काढून जमीन साफ केलेली, आणि तिच्यावर पांढऱ्या पावडरीनं आखलेलं घर. एवढंच होतं.

"दारातनं या," दादा म्हणाले. मिस्त्री माझ्याकडं बघून हसले, मागं फिरले आणि जिथं रेघ तोडलेली होती तिथून शहाण्यासारखे आत आले.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी छत्तीस वर्षं कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनांपुढं काढली. ज्यांनी कंपनी आतून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: शॉप फ्लोअरवर माणसांनी चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली असते. पट्ट्याच्या बाहेर पाय टाकला तर सुपरवायझर ओरडतो, आणि सुपरवायझर नाही ओरडला तर मशीन हिशेब करतं. दादांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. तेव्हापासून जमिनीवर आखलेली रेघ त्यांना भिंतीइतकीच खरी वाटते. रस्त्यावरची झेब्रा क्रॉसिंगसुद्धा ते अशी पार करतात की मागच्या गाडीवाल्यांचा जीव जातो.

मला त्या दिवशी हसू आलं नाही. मी घड्याळ बघत होते. माझी सेकंड शिफ्ट होती, कंपनीची बस चाकण चौकात यायला पाऊण तास होता, आणि मिस्त्रींनी अजून खोदाईवाल्याला फोन लावला नव्हता. दादा मात्र फक्कीच्या घरात निवांत फिरत होते. पुढच्या दारानं हॉल, हॉलमधून डावीकडं त्यांची खोली, खोलीच्या मागच्या दारानं पडवी, पडवीच्या टोकाला न्हाणी आणि संडास. मग पुन्हा उलटे. प्रत्येक वेळी दारातूनच. चौथ्या फेरीला मी म्हणाले, "दादा, बास की आता. ऊन लागेल."

"झालंच," ते म्हणाले, आणि पाचवी फेरी सुरू केली.

एवढी घाई मला का होती ते सांगते. दादांना काचबिंदू निघाला होता. मोतीबिंदू असता तर मी इतकी तडफडले नसते, तो काढता येतो. काचबिंदूत दिसणं कडेकडेनं कमी होत जातं, आणि गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. आधी एक मोठी खिडकी, मग तिच्या आत एक झरोका, मग झरोक्याच्या आत एक बारीक नळी. "काका आता इथं आहेत," असं म्हणून त्यांनी झरोक्यावर पेन टेकवलं. थेंब घालू, लागलं तर ऑपरेशन करू, आहे ते टिकवायचं बघू.

"किती दिवस टिकेल?" मी विचारलं. मला आकडा लागतो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर शाफ्ट मोजते आणि केसाच्या जाडीनं चुकलेला पार्ट लाल टॅग लावून परत पाठवते. डॉक्टरांनी आकडा दिला नाही. उलट माझ्याकडं बघून म्हणाले, "हा आजार घराण्यात चालतो. तुम्हीही चाळिशी ओलांडलीय. एकदा तुमचे डोळे तपासून घ्या."

"घेते, घर झालं की," मी म्हणाले.

दादांनी माझ्याकडं बघितलं. घर तेव्हा कागदावरसुद्धा नव्हतं. जागा घेऊन सहा वर्षं झाली होती, दर दिवाळीला "पुढच्या वर्षी बघू" म्हणून आम्ही ती पुढं ढकलत होतो. दवाखान्यातून रिक्षात बसल्यावर माझं मलाच कळलं की मी काय बोलून बसले.

पण मग ते डोक्यातून जाईना. दादांनी जन्मात स्वतःचं घर बघितलं नव्हतं. मराठवाड्यात गावाच्या कडेला एक खोली होती, ती तीन भावांत. नंतर आकुर्डीत पत्र्याची खोली, ती मालकाची. नळ आणि संडास बारा बिऱ्हाडांचे. त्याच खोलीत मी वाढले, त्याच खोलीतून आईला शेवटचं नेलं. आता ते रावेतला आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर. लिफ्टचं बटण त्यांना सापडेनासं झालं होतं, वॉचमन दाबून द्यायचा. 'घर पाहावं बांधून' अशी म्हण आहे. मला बांधायचं कमी आणि दाखवायचं जास्त होतं. डोळ्यांत उजेड आहे तोवर या माणसानं आपलं घर डोळे भरून बघावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि ती हुकली तर मी स्वतःला माफ करणार नव्हते.

"तुम्हाला काय काय हवंय ते सांगा," मी त्यांना विचारलं होतं. कोनाडा म्हणतील, बुद्धवंदनेसाठी जागा म्हणतील असं वाटलेलं. ते म्हणाले, "माझ्या खोलीला मागनं एक दार ठेव, बाई." बाकी काही नाही.

मी प्लॅनमध्ये दार टाकलं आणि विसरून गेले.

घर बांधायला काढलं की माणसाला आपला स्वभाव कळतो. माझा कळला, आणि आवडला नाही. मी फ्रिजवर तक्ता चिकटवला. पाया, जोतं, भिंती, लिंटल, स्लॅब, प्लास्टर, फरशी. पुढं तारखा, आणि उशीर झाला की लाल पेन. महिन्याभरात फ्रिजला गोवर निघाल्यासारखं दिसायला लागलं. नवरा शिफ्टवरून आला की पाणी घेताना तक्ता वाचायचा आणि म्हणायचा, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असं ऐकलं होतं. नवरी पहिल्यांदाच बघतोय." मी त्याच्यावर उखडायचे, आणि मग चहाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटबाहेर उभी राहून मिस्त्रींना फोन लावायचे. मिस्त्री फोन उचलायचे नाहीत. उचलला तर "ताई, रस्त्यात हाय" म्हणायचे. ते नेहमी रस्त्यातच असायचे. त्या रस्त्यावर ट्रेलर अडकला की ते खरंही असायचं, म्हणून आणखी राग यायचा.

मिस्त्री आमच्याच मराठवाड्याकडचे. दादांशी त्यांचं लगेच जमलं. माझ्याशी जमायला वेळ लागला, कारण भिंती सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात मी ओळंबा घेऊन भिंत तपासली आणि जिथं ती बाहेर आली होती तिथं खडूनं लाल फुली मारली. एक नाही, अकरा.

"ताई, घर हाय हे," मिस्त्री म्हणाले, "गाडीचा पार्ट न्हाई."

"पार्ट असता तर परत पाठवला असता."

"पाठवा की. कुठं पाठवायलात?" असं म्हणून त्यांनी फुल्या पुसल्या. पण भिंत मात्र दुसऱ्या दिवशी सरळ केली होती. त्यानंतर ते मला घाबरले असं नाही, पण ओळंबा लपवून ठेवायला लागले.

भिंतींवर पाणी मारायचं काम दादांनी मागून घेतलं. नवीन बांधकामाला रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर सिमेंट भुसभुशीत राहतं. माणूस ठेवते म्हटलं तर म्हणाले, "मी काय करतो दिवसभर? सातव्या मजल्यावरनं कबुतरं मोजतो." रोज सकाळी ते बस बदलत चाकणला यायचे, तिथून वडापच्या जीपमध्ये बसून प्लॉटवर. शेजारच्या आजींच्या बोअरवरून पाइप लावायचे आणि भिंत भिंत भिजवायचे. बसचा नंबर दिसला नाही तर कुणालातरी विचारायचे. मला भीती वाटायची, पण मी त्यांना अडवलं नाही, कारण घर उभं राहताना ते रोज बघत होते आणि मला तेच तर हवं होतं.

शेजारच्या आजी म्हणजे त्या गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. ज्यांच्याकडून आम्ही जागा घेतली त्यांच्याच भावकीतल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वास्तुशांत कवा हाय?"

"आमच्यात वास्तुशांत नसते, आजी. वंदना असते. पंचशील घेतात."

आजी क्षणभर गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याची मला सवय आहे. असल्या वेळी मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवते, आणि ते गोड नसतं. पण आजी म्हणाल्या, "मंग त्ये घ्या. जेवाण हाय का न्हाई, त्येवढं सांग." माझं तयार उत्तर तसंच राहिलं.

याच आजींनी एका संध्याकाळी मला बांधावर थांबवलं. भिंती तेव्हा खांद्याएवढ्या आल्या होत्या. "पोरी, तुझा बाप डोळं मिटून फिरतो गं घरात."

"डोळे मिटून?"

"व्हय. पाणी मारून झालं की पाइप ठिवतो आन डोळं मिटून ह्या खोलीतनं त्या खोलीत. त्वांडानं कायतरी पुटपुटतो. मला वाटलं चक्कर आली, म्हून हाक मारली. तर म्हंतो, आजी, काय न्हाई."

मी हसले. दादा आई गेल्यापासून विहारात ध्यानाला बसायचे. त्यात एक चालत करायचं ध्यानही असतं, एकेक पाऊल लक्ष देऊन टाकायचं. आजींना मी ते समजावून सांगितलं. घर तयार व्हायच्या आधीच दादांनी तिथं ध्यान सुरू केलं याचं मला कौतुकच वाटलं. दुसऱ्यांना समजावताना मी किती शहाणी असते ते मला अजून आठवतं.

भिंती उभ्या राहत असताना सुताराकडून चौकटी यायच्या होत्या. तीन आल्या. चौथी, दादांच्या मागच्या दाराची, आली नाही. मिस्त्रींनी तेवढी जागा मोकळी सोडून वरचा लिंटल, म्हणजे दारावरची सिमेंटची आडवी पट्टी, टाकून घेतला आणि काम पुढं नेलं. स्लॅबही झाला. स्लॅबच्या दिवशी सगळ्या माणसांना जेवण घातलं. दादांनी प्रत्येकाच्या पानात स्वतः भाकरी वाढली, आणि वाढताना एका पानाच्या शेजारी, जमिनीवर ठेवली. त्या माणसानं भाकरी उचलून पानात घेतली. मी ते बघितलं. त्याच आठवड्यात तपासणीत डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. नंतर महिनाभर धूळ नाही, पाणी नाही, ऊन नाही. म्हणजे प्लॉट बंद.

आता माझ्याकडं एक महिना होता. दादांच्या डोळ्यांवरची पट्टी निघून ते परत येतील तेव्हा त्यांना घर दिसलं पाहिजे, विटांचा सांगाडा नाही. प्लास्टर, खिडक्या, रंगाचा पहिला हात. आणि ती एक चौकट अजूनही यायची होती. सुताराच्या घरात लग्न निघालं होतं. तो म्हणाला, पंधरा दिवस. सुताराचे पंधरा दिवस म्हणजे किती हे मला तोवर कळलं होतं.

मी दादांच्या खोलीत उभी होते. त्या मोकळ्या जागेतून पडवी दिसत होती, पडवीच्या पलीकडं आजींचं कांद्याचं रान, आणि त्याच्या मागं डोंगर. ऊन कलल्यावर तो डोंगर निळसर होतो. मला एकदम वाटलं, इथं दार कशाला? दार बंद केलं की डोंगर गेला. इथं खिडकी हवी. खाली कमरेपर्यंत भिंत आणि वर तीन फुटांची मोठी खिडकी, चौकटीची कटकट नाही. पलंगावर बसल्या बसल्या दादांना डोंगर दिसेल. संडासला जायला काय, हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघराच्या दारानं पडवी. चार पावलं जास्त.

"मिस्त्री, हे दार कॅन्सल. खिडकी करा."

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "दादांना इचारलंय का?"

"त्यांच्यासाठीच करतेय."

"तसं न्हाई ताई. त्यांनी त्या दाराचं मला चारदा सांगितलेलं हाय. चौकट नंतर बी बसवता येती. कडा फोडून..."

"आणि प्लास्टर तोवर थांबणार? तुम्हाला काय, तुम्हाला दिवसच काढायचेत!"

हे मी बोलायला नको होतं. मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी माणसाला विटा आणायला सांगितल्या. आमच्या कंपनीत ड्रॉइंगमधली एक रेघ बदलली तरी चेंज नोट निघते. जो जो माणूस तो पार्ट वापरणार, त्या प्रत्येकाची सही लागते, मग तो कितीही खालच्या पायरीवरचा असो. सही नसेल तर मी स्वतः लाइन थांबवलेली आहे, मॅनेजरशी भांडून. आणि माझ्या घरात, ज्याच्यासाठी ते दार होतं त्या माणसाला मी काही सांगितलं नाही. त्यांना सरप्राइज द्यायचं, असं मी ठरवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो महिना मी कसा काढला ते आठवलं तरी दम लागतो. सकाळी दादांच्या डोळ्यांत थेंब, मग प्लॉट, मग कंपनी, परत आल्यावर पुन्हा थेंब. दादा पलंगावर गप्प बसलेले असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "चौकट आली का गं?" मी म्हणाले, "सगळं होतंय, दादा. तुम्ही फक्त बघा." आणखी एकदा मी बघितलं, ते पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला हात न लावता जात होते, आणि ओठ हलत होते. मला वाटलं, त्रिसरण म्हणत असतील.

महिना संपला त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही निघालो. गुरुवार म्हणजे आमच्या कंपन्यांच्या पट्ट्यातली आठवड्याची सुट्टी. नवऱ्याला मात्र ओव्हरटाइम होता, म्हणून आम्ही दोघंच. दादांनी काळा चष्मा घातला होता. ऑपरेशननं दाब उतरला होता, पण मधल्या काळात जे जायचं ते गेलं होतं. झरोक्याची नळी झाली होती. समोर बोट धरलं तर दिसायचं, बाजूला उभा राहिलेला माणूस दिसायचा नाही. मी त्यांचा हात धरायला गेले तर म्हणाले, "सोड. इथं नको."

ते पुढच्या दारापाशी थांबले, चपला काढल्या. चौकटीवरून हात फिरवला. हॉलमध्ये आले आणि न चाचपडता डावीकडं वळून आपल्या खोलीत गेले. मी त्यांच्या मागं. सकाळचं ऊन डोंगरावर पडलेलं, खिडकीला अजून काच नव्हती, आणि अख्खा डोंगर खोलीत आल्यासारखा वाटत होता. आता ते बघतील, असं मी मनात म्हणत होते.

दादा जिथं पलंग यायचा त्या कोपऱ्यात गेले. भिंतीला पाठ लावली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. "एक, दोन, तीन, चार," ते मोठ्यानं म्हणाले, आणि चौथ्या पावलाला खिडकीखालच्या भिंतीवर आदळले.

फार लागलं नाही. गुडघा आपटला, तळहात प्लास्टरवर घासले. मी धावले. त्यांनी मला हातानंच मागं केलं. मग ते भिंत चाचपायला लागले. डावीकडं, उजवीकडं, खाली. त्या अर्ध्या बोटानं त्यांनी भिंतीच्या कडेची रेघ शोधली, जिथं जुनं काम संपून नवीन विटा सुरू झाल्या होत्या. वरून प्लास्टर होतं, तरी त्यांना ती सापडली.

"इथं दार होतं, बाई."

"दादा, खिडकी केलीय. बघा ना. डोळे उघडा. डोंगर बघा किती..."

"डोंगर बघितलाय मी."

त्यांनी डोळे उघडले, पण खिडकीकडं बघितलं नाही. तिथंच खाली बसले. सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर, भिंतीला टेकून. मला त्यांचा आवाज चढलेला चालला असता, पण ते हळूच बोलायला लागले.

"माझ्या बापाचे डोळे असेच गेले. तुला कधी सांगितलं नाही. त्याला बाहेर न्यायला कुणीतरी लागायचं. सकाळी, रात्री, कधीही. तो हाक मारायचा. भावांना शेतात जावं लागायचं, आई दुसऱ्याच्या रानात. मग मी. नऊ-दहा वर्षांचा होतो. मला लाज वाटायची, पोरं हसायची. त्यानं हाक मारली की मी कणगीमागं लपायचो. तो हाका मारत राहायचा. मग हाका बंद व्हायच्या, आणि आई आली की त्याचं धोतर धुवायला घ्यायची."

बाहेर आजींच्या रानात पाण्याची मोटर चालू होती.

"पलंगापासून दार चार पावलं. दारापासून न्हाणी सात. अकरा पावलं, बाई. हाक न मारता. फक्की मारली तेव्हापासून मी तेवढंच पाठ करत होतो."

फक्कीतल्या पाच फेऱ्या, आजींनी सांगितलेलं पुटपुटणं, सातव्या मजल्यावरचे ते हलणारे ओठ, सगळं माझ्यासमोर होतं आणि मी त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. मी डोळ्यांना दिसावं म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि ते डोळे नसतील त्या दिवसाची तयारी करत होते. मला इतकी शरम वाटली की रडूही येईना. मी उठले आणि बांधावर गेले.

"आजी, पहार आहे का?"

"हाय की. कशाला?"

"भिंत फोडायचीय."

"नवी भित? खूळ लागलं का गं तुला?" आजी म्हणाल्या, पण पहार आणून दिली, आणि काय करते ते बघायला मागोमाग आल्यासुद्धा.

वर लिंटल होताच, तो दारासाठीच टाकलेला. खाली फक्त कमरेएवढ्या विटा. मी खिडकीच्या तळाशी पहार घातली आणि सगळा जोर लावला. पहिली वीट निघेना. मी पुन्हा पुन्हा घाव घालायला लागले, कुठंही, कसेही. हाताला फोड आला. प्लास्टरचे तुकडे दादांपर्यंत उडत होते.

"थांब," दादा म्हणाले. "घाईनं बुजवलंस, आता घाईनं फोडू नको. चष्मा घालतो मी. आधी कडेची रेघ धर. वरचा थर आधी काढ. एकेक वीट. वाया घालवू नको, पायरीला होतील."

मी त्यांचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या सांगण्यावरून एकेक वीट मोजून काम केलं, आणि तेही मोडायचं. आजींनी मधेच घमेलं आणलं आणि विटांचा राडारोडा भरून बाहेर टाकायला लागल्या. मला वाईट वाटलं, मी नको नको म्हणाले. "गप गं," त्या म्हणाल्या, "बाप तुझा हाय, पर शेजारी माझा बी हाय." दुपारी दोनपर्यंत जमिनीलगतचा शेवटचा थर निघाला. कडा वेड्यावाकड्या, दातेरी. माझ्या हातात खडू असता तर मीच तिथं वीस फुल्या मारल्या असत्या.

मी मिस्त्रींना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. "चुकलं माझं, मिस्त्री. त्या दिवशी जे बोलले तेही, आणि दारही. चौकट मागवा. वेळ लागू द्या."

मग ते म्हणाले, "मागवायची काय गरज न्हाई, ताई. मी ती कॅन्सल केलीच नव्हती."

दादा उठले. कोपऱ्यात गेले, भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले. चार पावलं टाकली आणि त्या दातेरी भोकातून पडवीत गेले. सात टाकली आणि न्हाणीच्या दाराच्या जागेवर हात ठेवला. मग तसेच परत आले. आजींनी तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं, झालं, सुटलो.

"आता तू," दादा म्हणाले.

"मी काय?"

"कोपऱ्यात उभी राहा. डोळे मीट. चाल."

"मला कशाला, दादा? मला..." आणि मी थांबले, कारण डॉक्टरांचा तो कागद मला आठवला. खिडकी, झरोका, नळी. घेते, घर झालं की. त्या दिवशी दादांनी माझ्याकडं बघितलं होतं, ते का बघितलं होतं ते आत्ता कळलं.

"मागचं दार मी माझ्या एकट्यासाठी मागितलं नव्हतं, बाई," ते म्हणाले. "उद्याच जाऊन डोळे तपासून ये. काही नसलं तर चांगलंच आहे. पण आज चाल."

मी पाठ भिंतीला लावली. ओल्या प्लास्टरचा गारवा कुडत्यातून लागला. डोळे मिटल्याबरोबर खोली केवढीतरी मोठी झाली आणि मला आधार कुठंच सापडेना. मी हात पुढं केले. "हात खाली," दादांचा आवाज आला, "पावलं मोज." मी मोजायला लागले. पडवीची कडा पायाला लागली, आजींची मोटर उजवीकडं ऐकू येत होती, आणि शेवटी बोटांना न्हाणीची वीट लागली.

दादांची अकरा झाली होती. माझी तेरा भरली.